सोळा औंसांची झोप

वेस्ट हार्लो, व्हर्मांट
९ सप्टेंबर

तीर्थस्वरूप लॉरेनवन्सं यांना,

नॉर्माचा नमस्कार. आशीर्वाद तुमच्या सवडीने पाठवा, घाई नाही.

तुमचा खुबा कसा आहे? इमारतीतली लिफ्ट चालू झाली, की अजून जिन्यावरच्या पायऱ्या मोजता? मांजर जेवतं का? इकडे सगळं ठीक. टोमॅटो संपले. हिवाळ्याची लाकडं रचून झाली (मी रचली). तुमच्या बंधूंचा, म्हणजे एव्हरेटचा, नवा गुडघा डॉक्टरांच्या मते उत्तम आहे. बाकीच्या माणसाबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत.

पत्रास कारण विशेष असं काही नाही. ऑगस्टमध्ये फोनवर तुम्ही म्हणालात, "मी आता फळ्यांवर झोपणार नाही, नॉर्मा. एकतीस वर्षं झोपले. आता तुझी पाळी." ती पाळी मी कशी घेते आहे एवढं कळवावं, म्हणून लिहिते.

हकिगत तुम्हाला माहीत आहे, पण फोनवर तुम्ही अर्धं ऐकता आणि अर्धा वेळ मांजराशी बोलता, म्हणून पुन्हा सांगते. डोंगरावरचा पार्मली निवारा एकतीस वर्षं एव्हरेटच्या देखभालीत आहे. तीन भिंती, एक छप्पर, आठ माणसं आडवी होतील एवढ्या फळ्या आणि मागे संडास. पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगरवाटेने जाणारे लोक तिथे रात्र काढतात, उंदरांना शिव्या देतात आणि सकाळी निघून जातात. या देखभालीचा कुणी पगार देत नाही. तरी एव्हरेट दर वसंतात आणि दर शरदात वर जातो, पाण्याचे चर मोकळे करतो, आडवी पडलेली झाडं कापतो, संडासात झाडांच्या सालीचा भुसा ढवळतो आणि खाली येतो तेव्हा त्याचा चेहरा असा असतो की वर कुणी त्याच्या छातीवर पदक लावलं असावं. शरदात तुम्ही त्याच्याबरोबर जात होता. मी घरी राहत होते. ही वाटणी मला मान्य होती. मला तर ती फार न्याय्य वाटत होती.

जूनमध्ये गुडघा बदलला. पुढचा वसंत येईपर्यंत चढ चढायचा नाही. ऑगस्टमध्ये, या वाटा आणि निवारे सांभाळणाऱ्या क्लबाचं पत्र आलं. नियम जुनाच आहे. ज्याच्याकडे निवारा आहे त्याने किंवा त्याच्या घरच्या कुणीतरी वर्षातून एकदा तिथे रात्र काढली पाहिजे, कारण छप्पर गळतं का आणि उंदीर किती आहेत हे दिवसा कळत नाही. एकट्याने जायचं नाही, दोन माणसं हवीत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत हे झालं नाही, तर निवारा यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाईल. एव्हरेटने पत्र वाचलं, घडी केली, मेपलच्या पाकाच्या डब्याखाली ठेवलं आणि म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं." त्या दिवसापासून तो व्हरांड्यात बसत नाही. व्हरांड्यातून डोंगर दिसतो. तो स्वयंपाकघरात फ्रिजकडे तोंड करून बसतो. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. तुमच्या घराण्यात दुःख झालं की माणसं यंत्रांकडे पाहत बसतात, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी जायचं ठरवलं. सहासष्ट वर्षांत मी कधी जमिनीवर झोपले नाही. (एकदा, ७८ च्या बर्फात बस अडकली तेव्हा, शाळेच्या व्यायामशाळेत. पण तिथे कुस्तीच्या गाद्या होत्या.) चढायची मला भीती नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं उभी राहिलेली बाई सहा मैल चालू शकते. प्रश्न पाठीचा होता. रात्री पाठ धरली तर सकाळी खाली उतरता येणार नाही, आणि मला स्ट्रेचरवर घालून आणावं लागलं तर क्लब ती रात्र मोजेल की नाही, याबद्दल नियमावली गप्प आहे. म्हणजे पाठीखाली काय अंथरायचं एवढंच ठरवायचं होतं. मला वाटलं, एका दुपारचं काम आहे.

एव्हरेटला विचारलं तर त्याने फ्रिजला सांगितलं की पूर्वी देवदाराच्या कोवळ्या फांद्या तोडून अंथरायचे. हे आता गुन्ह्यात मोडतं. मग म्हणाला की लॉरेन घोड्याची घोंगडी न्यायची. ती मी माळ्यावरून काढली. सात पौंड भरली, आणि घोडा मरून चाळीस वर्षं झाली असली तरी ते तिला अजून कळलेलं नाही. इतकी वर्षं तुम्ही त्या वासात झोपलात आणि तक्रार केली नाहीत. यातून तुमचं धैर्य दिसतं की नाक, हे मी ठरवलेलं नाही.

मग प्रेस्टन आला. हा क्लबाचा नवा चिटणीस. वय चौतीस, कनेक्टिकटहून इथे राहायला आला आहे. घरी बसून काम करतो. काय काम ते त्याने मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी मान हलवली. वाटेवर हे लोक एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारत नाहीत, बरोबरच्यांनी ठेवलेल्या नावाने मारतात. स्वतःचं नाव स्वतः ठेवणं त्यांच्यात हलकं समजतात. प्रेस्टनचं नाव 'पीस' आहे, पक्ष्याचं. कुणी ठेवलं असं मी विचारलं तेव्हा तो कॉफी ढवळू लागला.

प्रेस्टन वजन मोजणाऱ्यांच्या पंथातला आहे. या पंथाचा धर्म औंसात सांगितलेला आहे. ते दात घासायच्या ब्रशची दांडी अर्ध्यावर कापतात. चहाच्या पिशवीचा दोरा काढून टाकतात. शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी उसवतात. (एवढं वाचवून झालं की गावात येऊन दुकानासमोरच्या बाकावर अख्खा पिझ्झा आणि अर्धा गॅलन आइसक्रीम पोटात भरून डोंगर चढतात. ते वजन धर्मात धरत नाहीत.) त्यांच्यात अशी पद्धत आहे की जाणत्याने नवख्याच्या घरी यायचं, त्याची पाठपिशवी जमिनीवर ओतायची, एकेक वस्तू काट्यावर ठेवायची आणि ती का नको ते सांगायचं. झडती पोलीसही घेतात, पण त्यांना कॉफी आणि बिस्किटं द्यावी लागत नाहीत.

त्याने माझी गरम पाण्याची पिशवी बाद केली. दुसरा स्वेटर बाद केला. आल्याच्या बिस्किटांचा डबा बाद केला, त्याआधी त्यातली चार खाल्ली. टॉवेल हातात धरून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तिथे दारू लपवली असावी. "टॉवेल कशाला, काकू? वारा असतो की." एव्हरेट दोन दिवसांत पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "वाऱ्याला वजन नसतं, हे मात्र खरं." तो थट्टा करत होता की नाही, हे प्रेस्टनला कळलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारानंतर मलाही नेहमी कळतं असं नाही.

गादीबद्दल विचारलं तर प्रेस्टन उभा राहिला. बसून बोलण्याचा विषय नसावा. त्याची स्वतःची गादी म्हणजे फोमचा एक तुकडा. अंड्यांच्या ट्रेसारखे खळगे असलेला, घडी घालता येणारा. पूर्ण लांबीचा नाही. खांद्यापासून कमरेपर्यंत ठेवून बाकीचा त्याने कात्रीने कापून टाकला आहे. पायांखाली रिकामी पिशवी घ्यायची. "पाय झोपेत काही करत नाहीत, काकू. त्यांना गादी कशाला? सगळे कापतात. तुम्हीही कापा." आणि मग त्याने मला त्या पंथाचं मुख्य सूत्र सांगितलं. सोळा औंसांच्या वर गेली की ती गादी राहत नाही, फर्निचर होते. सोळा औंस म्हणजे एक पौंड. म्हणजे लोण्याच्या चार कांड्या. एवढ्यावर मी रात्र काढायची होती.

फोमची एक चटई मी आणली, पूर्ण लांबीची. कोठारातल्या फळ्या व्हरांड्यात टाकल्या, कारण निवाऱ्यात फळ्याच आहेत, आणि दुपारी दोन वाजता त्यावर आडवी झाले. तासाभराने उठले तेव्हा पाठीवर अंड्यांच्या ट्रेचा असा ठसा उमटला होता की कुणी मला बाजारात नेऊन डझनाच्या भावाने विकू शकलं असतं. फोम फुटत नाही, गळत नाही, भिजत नाही, काटा लागला तरी तक्रार करत नाही. हे सगळे गुण दगडातही आहेत.

यानंतर आपोआप फुगणारी. आपल्या किराणा दुकानाच्या पायरीवर ती पेटी असते ना, वाटेवरचे लोक नको झालेलं सामान ज्यात टाकून जातात आणि दुसऱ्याने टाकलेलं उचलतात, तिच्यात मिळाली. पेटीत ती का होती याचा विचार मी उचलण्याआधी करायला हवा होता. हिचं बूच उघडायचं आणि वाट पाहायची. आतला स्पंज हवा ओढून घेतो आणि गादी स्वतः उठते, असं तिच्यावर छापलेलं आहे. मी वाट पाहिली. जेवण झालं, बातम्या झाल्या, भांडी झाली. ती पडून होती. शेवटी मीच फुंकून भरली, आणि तेव्हा आतून कुणा परक्या माणसाचा अख्खा उन्हाळा माझ्या तोंडात आला. वर वजन असं की तिला उचलून नेण्यापेक्षा तिच्यावर तिथेच झोपणं सोपं. दुसऱ्या दिवशी ती पेटीत परत ठेवली. ठेवताना माझ्याकडे पाहणाऱ्या एका पोराने उत्साहाने ती उचलली. मी लगेच गाडीकडे वळले.

शेवटी रटलंडला डोंगरवाटेच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथली विक्रेती पन्नाशीची, पांढऱ्या केसांची वेणी, छातीवर नावाची पट्टी, आणि पट्टीवर 'ओला पायमोजा' असं लिहिलेलं. (हे मात्र दुसऱ्यांनीच ठेवलेलं असणार.) बाई शहाणी निघाली. तिने सांगितलं की मऊपणाचा विचार नंतर करा, थंडीत जमीन अंगातली ऊब शोषून घेते, तिला अडवणं हे गादीचं पहिलं काम. किती अडवते त्याचा एक आकडा प्रत्येक गादीवर छापलेला असतो. उन्हाळ्यात दोन पुरे, आपल्या शरदाला चार तरी हवेत. चार काय, असं मी विचारलं. चार म्हणजे चार, असं ती म्हणाली. प्रामाणिक उत्तर होतं. तिच्याकडून मी एक पिवळी, हवेची गादी घेतली. पंधरा औंस. घडी घातली की सूपच्या डब्याएवढी. आपल्या पलंगाच्या गादीला लागले नव्हते एवढे पैसे हिला लागले, आणि पलंगाच्या गादीत निदान काहीतरी भरलेलं आहे. हिच्यात मी हवा भरायची होती, तीही माझी.

व्हरांड्यातल्या फळ्यांवर ती अंथरली. पाठीला बरी होती, हे मान्य करते. पण तिच्या पोटात ऊब परतवणारा चंदेरी कागद असतो, आणि कूस बदलली की भर प्रार्थनेत कुणीतरी बटाट्याच्या वेफर्सचं पुडकं फोडल्यासारखा आवाज होतो. मी हात हलवला की पुडकं, खोकले की पुडकं. स्वयंपाकघरातून एव्हरेटने विचारलं, "एकटीच काय खातेस?" तरी मी म्हटलं, असू दे. बाकी सात जणांची झोप मोडेल, माझी नाही. प्रश्न सुटला असं मी धरून चालले.

रात्री जेवताना मी सहज बोलले, की प्रेस्टन म्हणतो गादी खांद्यापासून कमरेपर्यंत कापायची असते. मी प्रेस्टनची चेष्टा करत होते. पण एव्हरेटने ताटातून मान वर केली. वन्सं, तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला त्या निवाऱ्यासाठी करण्यासारखं काहीतरी दिसलं होतं. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही मध्ये बोलला नसता. (बोलला असता. पण मी नाही बोलले.)

सकाळी त्याने मला स्वयंपाकघरातल्या जमिनीवर झोपवलं. गुडघे जमिनीला टेकायचे नाहीत म्हणून स्वतः स्टुलावर बसला, कानावर पेन्सिल, हातात सुताराचा टेप, आणि माझं माप घेतलं. दोनदा घेतलं. लाकूड कापण्याआधी घेतो तसं. माझ्या मनात काही आलंच असेल तर ते एवढंच, की बऱ्याच दिवसांनी हा माणूस शीळ घालतो आहे. मग मी शेंगा तोडायला परसात गेले. आतून गाय बसताना सोडते तसा एक मोठा सुस्कारा ऐकू आला.

आत आले. त्याने गादी आधी टणक फुगवून घेतली होती, कारण ढिल्या वस्तूवर रेघ सरळ येत नाही. मग रेघ मारली आणि जमिनीवरचं लिनोलियम कापायच्या सुरीने एका फटक्यात कापली. दोन तुकडे जमिनीवर पडले होते, चपटे. तो स्टुलावर बसून त्यांच्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "माप बरोबर होतं."

मी टेप लावून पाहिलं. बरोबर होतं. इंचाच्या सोळाव्या भागाचाही फरक नव्हता.

त्याने सुरी पुसून जागेवर ठेवली आणि पुन्हा फ्रिजसमोर जाऊन बसला. दुपारी ॲपल पाय केला होता, तो तसाच राहिला. तो निवारा गेला तर हा माणूस त्या खुर्चीतून उठणार नाही, हे मला तेव्हा पुरतं कळलं. आधी अर्धवट कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुकडे घेऊन दुकानात गेले. ओल्या पायमोज्याने ते टेबलावर जुळवून पाहिले. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"नवरा?" तिने विचारलं.

"नवरा," मी म्हणाले.

"वर्षाला दोन-तीन येतात," ती म्हणाली. "पण इतकं सरळ कापलेलं पहिल्यांदाच पाहते."

परत घेता येणार नाही म्हणाली, आणि मीही तशी अपेक्षा केली नव्हती. मग तिने मला दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात नेलं. तिथे फळ्यांचा एक चौथरा आहे, खास लोकांना आडवं करून बघण्यासाठी. अकरा वाजले होते. दुकानात गिऱ्हाइकं होती. तिने एक रुंद, जाड, हिरवी गादी फुगवली, बूट काढायला लावले आणि म्हणाली, पंधरा मिनिटं पडा, घाईने उठणाऱ्यांनाच नंतर परत यावं लागतं. भरदिवसा, मोजे घातलेल्या पायांनी, सामानाच्या दुकानात चौथऱ्यावर आडवं होण्यात जी शोभा आहे ती मी तुम्हाला सांगत बसत नाही.

जाग आली तेव्हा पावणेबारा वाजून गेले होते. अंगावर पिसांचं एक नवं कोरं जाकीट होतं आणि डोळ्यांसमोर त्याची किमतीची चिठ्ठी लोंबत होती. त्या आकड्याने मी पूर्ण जागी झाले. जाकीट आपल्या पाद्र्यांच्या बायकोने, ग्लेनिसने, घातलं होतं. ती मोजे घ्यायला आली होती. येत्या रविवारी चर्चमध्ये निदान सहा माणसं मला विचारतील की हल्ली झोप नीट लागते का.

ती गादी मी घेतली. आकडा पाच. वजन एकोणतीस औंस.

प्रेस्टन पुन्हा काटा घेऊन आला. गादी ठेवली, आकडा पाहिला, आणि चष्मा काढून डोळे पुसले. तेरा औंस जास्त. याला कुठेतरी तोड काढली पाहिजे, म्हणाला. माझ्या पिशवीतून त्याने एव्हरेटची घडीची करवत काढली, काट्यावर ठेवली आणि त्याचा चेहरा उजळला. करवत अठरा औंस भरली. ही ठेवून जायची, म्हणजे उलट पाच औंस वाचतात. भुशासाठी घेतलेली बादलीही नको. "कामाचं सामान पुढच्या खेपेला, काकू. या खेपेला फक्त रात्र काढायची आहे." बरोबरचा दुसरा माणूस म्हणून तो स्वतःच येणार होता, हे मी तुम्हाला सांगितलं की नाही आठवत नाही. त्यानेच सुचवलं होतं, आणि मी उपकार मानले होते.

एव्हरेटने खुर्चीतून विचारलं, "चर कोण काढणार?"

प्रेस्टन म्हणाला की यंदा पाऊस कमी आहे. आणि मग, कुणी न विचारता, असंही म्हणाला की यादीतलं पुढचं नाव त्याचंच आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नाही, तो वर जाईल तेव्हा फक्त एकंदर परिस्थिती पाहून ठेवेल.

मी त्याचा काटा त्याच्या हातात दिला. फोमचा तुकडा, जो तो मला दाखवायला पुन्हा घेऊन आला होता, त्याच्या काखेत दिला. म्हणाले, "प्रेस्टन, नुसतं झोपायचं असेल तर गावात हॉटेल आहे. आम्ही तिथे काम करायला जातो." दार मी उघडलं, लावलंही मीच. 'आम्ही' म्हणाले, हे माझ्या नंतर लक्षात आलं. एकतीस वर्षांत मी त्या संडासाच्या भुशाला हात लावलेला नाही.

एव्हरेटने बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "आता दुसरं कोण?"

आहे एक माणूस, असं मी सांगितलं. कोण ते त्याने विचारलं नाही. तुमच्या घराण्यात विचारत नाहीत.

तर अशी हकिगत. गादी मिळाली, करवतीला धार लावून झाली, वजन जे व्हायचं ते झालं. काळजी करण्यासारखं काही नाही. खुब्याला शेक द्या, जिने कमी चढा, मांजराला माझा नमस्कार सांगा.

तुमची आज्ञाधारक भावजय,
नॉर्मा

ता. क. प्रेस्टनबद्दल लिहिलं ते थोडं जास्त झालं असेल. बिस्किटं त्याने तीनच खाल्ली, चौथं माझं होतं. आणि ऊब अडवण्याच्या आकड्याचं त्यानेही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

ता. क. २. फोमच्या चटईवर मी तासभर झोपले असं वर लिहिलं आहे. अडीच तास झोपले. ठसे जेवणापर्यंत गेले. मी उताणी झोपते आणि उताण्या माणसाला दगडही चालतो, हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण थँक्सगिव्हिंगला आपल्याला एका खोलीत झोपावं लागतं आणि मी घोरते असं तुम्ही सगळ्यांना सांगता. दुकानातल्या चौथऱ्यावर मी डाव्या कुशीवर पडले होते. चाळीस मिनिटं, सगळा भार डाव्या खुब्यावर देऊन. डावा खुबा माझा दुखत नाही. हिरवी गादी तुमची आहे. आकडा पाच, रुंदी पंचवीस इंच, वाजत नाही. ती मी वाहून नेईन, करवतही मीच. तुम्ही काठी आणि पाणी घ्या.

ता. क. ३. क्लबाच्या कागदावर दोन नावं लागतात. दुसरं तुमचं लिहिलं आहे. पेन्सिलीने. सत्तावीस तारखेचा शनिवार. शुक्रवारी मी गाडी घेऊन नदीपलीकडे तुमच्याकडे न्यायला येते. मांजराला ग्लेनिस सांभाळते म्हणाली. सहा मैलांना आपल्याला सगळा दिवस आहे, दर अर्ध्या मैलावर बसू, आणि कुणी तरुण माणूस मागून आला तर त्याला वाट देऊ. तुम्ही फळ्यांवर झोपणार नाही म्हणालात ते मी मोडत नाही. फळ्यांपासून तुम्ही साडेतीन इंच वर असाल. चर कुठे आहेत, भुसा किती घालायचा, छप्पर गळतं तर ते कोणत्या कोपऱ्यात, हे मला काहीच माहीत नाही. एव्हरेटला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि सांगता सांगता त्याला कळलं असतं की मला काही माहीत नाही.

ता. क. ४. त्याला मी अजून तुमचं नाव सांगितलेलं नाही. येणार नसाल तर पत्र लिहा, टपाल मी घेते. येणार असाल तर फोन करा. दुपारी तीननंतर करा, तेव्हा मी परसात असते आणि फोन त्यालाच उठून घ्यावा लागतो.